नर व मादी, एकत्र पकडलेली

संगणकाच्या पडद्यावर ती मधमाशी ताटाएवढी होऊन उभी राहिली, आणि नमुन्यांचे फोटो काढायला बोलावलेली छायाचित्रकार मुलगी जाता जाता बोलावे तसे बोलून गेली, “बाई, हिला दोनच पंख आहेत की हो!”

संग्रहालयाच्या चित्रकार बाई त्या वेळी खिडकीपाशी बसून पेन्सिलीला टोक करीत होत्या. पाते थांबले. चौतीस वर्षे ज्या हाताने कीटकांच्या अंगावरचा केस न् केस मोजून कागदावर उतरवला, त्या हाताला काही तरी बिघडल्याचे आधी कळले आणि बाईंना नंतर. “चारच आहेत,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “मागचे दोन पुढच्यांच्या खाली झाकलेले असतात. दिसत नाहीत पटकन.” “असतील बाई. मला काय कळतंय त्यातलं, मी आपली लग्नाचे फोटो काढणारी,” मुलगी हसली. “पण कॅमेरा तिरका लावून खालूनसुद्धा बघितलं मी. पंखाच्या जागी नुसती गोळी आहे, टाचणीच्या डोक्याएवढी. आणि मिशा बघा तिच्या! नवरदेव आहे ना हा? तुमच्या चिठ्ठीत नर लिहिलंय.” बाई उठून पडद्यापाशी गेल्या. पिवळ्या लोकरीसारखे अंग, पोटावर काळे पट्टे, सारे ओळखीचे. परंतु डोळे दोन फुगीर बुरुजांसारखे उभे होते आणि त्यांच्या मधोमध खोल खळगा होता. तोंडावर राठ केसांची झालर होती, तिच्याखालून काळी, सरळ, खंजिरासारखी सोंड बाहेर आलेली. हा चेहरा आपण पूर्वी पाहिलाच नव्हता असे त्यांना म्हणता येईना. पाहिला होता, पंधरापट मोठा करून काढलाही होता. फक्त काढताना त्याला मधमाशीचा चेहरा म्हणून काढले होते, आणि पाहणाऱ्याने नाव आधी ठरवले की डोळा पुढे निमूटपणे नावाची चाकरी करतो. “दुसऱ्या बाजूची गोळी दाखव,” त्या म्हणाल्या. मुलीने कॅमेरा फिरवला. दुसऱ्या बाजूलाही गोळी होती.

कीटकशास्त्राच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात जे शिकवतात ते असे, की मधमाशीला पंख चार आणि माशीला दोन. माशीचे मागचे पंख आटून त्यांच्या जागी तोल सांभाळणाऱ्या दोन गाठी उरतात. तेव्हा हा जीव मधमाशी नव्हता, माशी होता. तीही साधीसुधी नव्हे. जिला लोक दरोडेखोर माशी म्हणतात, त्या कुळातली. ती मधमाशीचा वेष घेते, मधमाशीसारखीच गुणगुणते, पोळ्याजवळच्या काटकीवर तपस्व्यासारखी स्थिर बसते, आणि मध गोळा करून परतणाऱ्या मधमाशीला हवेतल्या हवेत सहा पायांच्या मिठीत घेऊन तिच्या मानेत सोंड खुपसते. मग शिकारीच्या आतले सर्व पातळ होईतो थांबते आणि शोषून घेते. पेटी क्रमांक एकशे चौदामध्ये दोन टाचण्यांवर दोन कीटक शेजारी शेजारी होते, एक मोठा आणि एक लहान, आणि त्यांच्याखाली आचार्यांच्या तिरप्या अक्षरातली चिठ्ठी होती: ‘नर व मादी, एकत्र पकडलेली. मीलनावस्था. पोळ्यापासून चार पावलांवर.’ बाईंनी भिंग डोळ्याला लावून ती मादी पाहिली. कोणत्याही पोळ्यात हजारांनी सापडते तसली कामकरी मधमाशी. मानेच्या सांध्यावर सुईच्या टोकाएवढे भोक होते आणि पोट रिकाम्या पिशवीसारखे आत गेलेले. ‘मादी नरापेक्षा कृश, उदर आकुंचित, वजन आश्चर्य वाटावे इतके अल्प,’ हे वर्णन बाईंना तोंडपाठ होते, कारण ते त्यांनीच लिहून घेतले होते.

आचार्य म्हणजे संग्रहालयातला मधमाश्यांचा विभाग ज्यांनी उभा केला ते. हे नाव त्यांना शिपायापासून संचालकांपर्यंत सर्वांनी मिळून दिलेले. त्यांचे मधमाश्यांवरचे पुस्तक बावीस वर्षांपूर्वी निघाले, आणि आता त्यांच्या नव्वदीनिमित्त त्याची दुसरी आवृत्ती येत्या शुक्रवारी छापायला जायची होती. मुखपृष्ठावर हीच जोडी होती. आचार्यांनी शोधलेल्या जातींमधली ही सर्वांत नावाजलेली, कारण ती नंतर कोणालाही कधी सापडली नाही. आणि जे सापडत नाही ते अतिदुर्मीळ, असे मोठमोठ्या विद्वानांनी मानून टाकले. पेटी कुलपात राहिली. पाहणारे चित्र पाहत राहिले. चित्रात नराला चार पंख होते.

ते चित्र काढले तो दिवस बाईंना आता मागायला न जाता परत मिळाला. कीटकाचे चित्र काढण्याची एक रीत आहे. आधी फक्त उजवे अर्धे अंग नमुन्यावरून काढायचे, डोक्यावरच्या स्पर्शशिंगापासून पायाच्या नखापर्यंत, अगदी काटेकोर. मग पातळ कागदावर ते गिरवायचे, कागद उलटायचा आणि डावे अर्धे त्याच्यावरून उमटवायचे. निसर्ग दोन्ही बाजूंना सारखाच असतो, वेळ वाचतो आणि चित्र सुबक होते. त्या दिवशी बाईंनी उजवा पंख सुईच्या टोकाने उचलला, तेव्हा खाली दुसरा पंख नव्हता. एक फिकट गोळी होती. तुटलेल्या पंखाचा खुंट असेल, असे त्यांना वाटले. एका बाजूला तुटला तर तो अपघात. दोन्ही बाजूंना नसेल तर तो स्वभाव. डावी बाजू एकदा उचलून पाहिली असती तर अपघात की स्वभाव हे तिथल्या तिथे कळले असते. परंतु डावी बाजू पाहण्याची त्यांच्या विद्येत पद्धतच नव्हती. “सर, नराचे मागचे पंख दिसत नाहीत,” एवढेच त्या म्हणाल्या होत्या. आचार्य सूक्ष्मदर्शकावर डोळा ठेवून बसले होते. “दिसत नसतील तर मादीचे घे,” ते म्हणाले, “नवराबायकोत तेवढं चालतं.” दोघेही हसले. बाईंनी मादीचे मागचे पंख मोजले, सव्वापट वाढवले आणि नराला लावले. मारेकऱ्याच्या अंगावर मेलेलीचे पंख त्यांनी स्वतःच्या हाताने शिवले होते, आणि ती शिवण इतकी सफाईदार होती की जगाने तिची तारीफ केली.

आणि आचार्य सूक्ष्मदर्शकावर डोळा ठेवून बसले होते, म्हणजे काय करीत होते? बाईंनी पेटीचे झाकण लावले आणि हा प्रश्न मात्र उघडाच राहिला. पुस्तकाला नऊ वर्षे लागली. त्या नऊ वर्षांच्या पहिल्या वर्षीच आचार्यांच्या दृष्टीच्या मधोमध एक डाग पडला होता. कडेचे दिसे, समोरचे नाही. हे त्यांनी कोणाला सांगितले नाही. ते नमुना मागवीत, सूक्ष्मदर्शकावर वाकत, बराच वेळ वाकलेलेच राहत, आणि मग म्हणत, “चित्र झालं की दे.” काळ्या शाईतले ताटाएवढे चित्र आले की ते मान किंचित वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून, त्यावरून हळूहळू फिरत आणि वर्णन सांगत. दुसऱ्या वर्षी एकदा बाईंच्या हातून रिकामी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली चुकून राहिली, तर आचार्य तिच्यावर पाच मिनिटे वाकून होते. त्या दिवसापासून बाईंना कळले होते. त्यांनी पट्टी गुपचूप बदलली आणि पुढची आठ वर्षे तोंडातून अवाक्षर काढले नाही. न दिसणारा माणूस दिसणाऱ्याचा वेष घेऊन खुर्चीवर बसला, आणि शास्त्राची पदवी नसलेली बाई पडद्याआड शास्त्रज्ञाचा डोळा होऊन बसली. अडतीस नव्या जाती त्या नऊ वर्षांत अशा जन्माला आल्या. त्यांतली एक आज मेली होती. उरलेल्या सदतीस?

घरी ताटावर बसल्या तरी घास हातातच होता. “आज कुणाचे पाय मोजतेयस?” असे अक्काने विचारले. अक्का म्हणजे थोरली बहीण. रुग्णालयात परिचारिका म्हणून हयात काढलेली, माणसाच्या चेहऱ्यावरून ताप ओळखणारी. बाईंनी सारे सांगितले. सारे ऐकून झाल्यावर अक्का म्हणाली, “तुझे सर आपल्याकडे आले होते तेव्हाच मी म्हटलं होतं. कप बशीत ठेवायच्या ऐवजी टेबलावर ठेवला त्यांनी. तू म्हणालीस, विचारात असतात.” “हो, म्हणाले होते.” “मग आता काय?” “उद्या जाऊन सांगते.” अक्काने वाटी पुढे सरकवली. “नव्वदीच्या माणसाला सांगून काय मिळणार? त्यांना उजेड द्यायला जातेस की आपल्या डोक्यावरचं गाठोडं त्यांच्या डोक्यावर ठेवायला? नीट विचार कर. मी दवाखान्यात पुष्कळ पाहिलेत असे खरं बोलणारे. बोलून मोकळे होतात आणि पेशंट रात्रभर जागा.” हा प्रश्न सुईसारखा होता, बाईंनी तो टाळला नाही, अंगात शिरू दिला. गाठोडे होतेच. पण ते एकट्याच्या डोक्यावर ठेवून भागणारे असते तर त्यांनी ते आणखी वीस वर्षे निमूट वाहिले असते. वाहण्यात त्या कच्च्या नव्हत्या. सदतीस पाने त्यांच्या चित्रांवर विसंबून उभी होती आणि त्या पानांवर परगावची, परदेशची माणसे विसंबून होती, आणि कोणालाही, त्यांच्यावाचून कोणालाही, ती पाने तपासायला हवीत हे ठाऊक नव्हते. माशी एकच चुकली असे म्हटले तर चूक पुरती मिटते. चूक का झाली हे म्हटले तरच ती उघडते. “जायचंच,” त्या म्हणाल्या. “मग जेव आधी,” अक्का म्हणाली, “उपाशी पोटी खरं बोलू नये, कडू होतं.”

दुसऱ्या दिवशी दार आचार्यांच्या सूनबाईंनी उघडले. “या, या. सकाळपासून पुस्तकाचंच चाललंय. मुखपृष्ठाचा कागद कसला आहे, म्हणून मला दहादा विचारून झालं.” आचार्य खिडकीकडे तोंड करून बसले होते, उजेडाचा त्यांना आता काही उपयोग उरला नव्हता, पण उजेडाकडे तोंड करून बसण्याची रीत त्यांनी सोडली नव्हती. पावलांवरून त्यांनी ओळखले. “कोण, शाईवाली? बस. छापलं का?” “नाही सर.” बाई समोर बसल्या. वाटेत त्यांनी सात-आठ वाक्ये जुळवली होती, आदराने भरलेली, प्रत्येकाला मऊ अस्तर लावलेली. त्यांतले एकही तोंडात आले नाही, आणि ते बरेच झाले. “सर, एकशे चौदामधला नर माशी आहे. दरोडेखोर माशी. मागचे पंख नाहीत, गोळ्या आहेत. दोन्हीकडे. काल पाहिलं.”

आचार्यांनी तोंड खिडकीकडेच ठेवले. त्यांनी विचारले, “आणि मादी?”

“त्याची मादी नाही ती. त्याची शिकार आहे. पोळ्यातली साधी कामकरी. मानेला भोक आहे.”

“मी मीलन लिहिलं.”

“हो, सर.”

“एकाचं पोट भरत होतं आणि मी मीलन लिहिलं,” ते स्वतःशीच म्हणाले, आणि त्यांच्या घशातून हसण्यासारखा एक आवाज आला. मग तो आवाज बंद झाला. “चित्रात तर चार होते.”

इथे बाईंना एक पायरी दिसत होती, जिच्यावरून खाली उतरता आले असते. ‘तुम्हीच म्हणालात, मादीचे घे,’ एवढे म्हटले की झाले. त्या म्हणाल्या, “चित्रात मी काढले. तुम्ही मादीचे घे म्हणालात. पण त्याच्या आधी मला ती गोळी दिसली होती. मी गोळी म्हणालेच नाही. नुसतं ‘पंख दिसत नाहीत’ म्हणाले.”

“का?”

“गोळी म्हटलं असतं तर तुम्हाला बघावं लागलं असतं.”

आत भांड्यांचा आवाज चालला होता. आचार्य म्हणाले, “सूनबाई, दार ओढून घे गं जरा.” दार ओढले गेले. “किती दिवसांपासून माहीत होतं तुला?” “दुसऱ्या वर्षापासून.” “आणि बोलली नाहीस. कीव आली माझी?” बाईंना एकदम वाटले की आपण या एका प्रश्नाचे उत्तर घेऊनच तीस वर्षे फिरत आहोत, आणि ते आपल्यालाही आज प्रथमच वाचता येत आहे. “नाही, सर,” त्या म्हणाल्या. “आवडायचं मला. तुम्ही माझ्या चित्रावरून बोलायचात. मी रेघ जिकडे नेईन तिकडे शास्त्र जायचं. ते मला फार आवडायचं.”

आचार्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. “बरं. दुरुस्ती लिही. मी घाई केली म्हण. निष्काळजीपणा म्हण, म्हातारचळ म्हण, काय वाटेल ते म्हण. पण डोळ्यांचं लिहायचं नाही.” “तसं लिहिलं तर एक पान दुरुस्त होईल, सर. बाकीची सदतीस कोण बघणार?” “त्यांना काय झालंय? चांगली चित्रं आहेत ती.” “ही सगळ्यांत चांगली होती,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर मुखपृष्ठावर आली.” आचार्यांचा आवाज चढला. “तुझंही नाव जाईल त्यात. समजतंय का? लोक म्हणतील, आंधळ्याला हिनं फसवलं.” “म्हणू देत. तेवढं खोटंही नाही.” “ऊठ. जा तू.” बाई उठल्या नाहीत. रागावलेल्या गुरूपुढून उठून जाणे हा शिष्याचा धर्म असेल. परंतु काही वेळा बसून राहणे हा त्याहून जुना धर्म असतो, असे त्यांच्या मनाने घेतले. हात मांडीवर ठेवून त्या बसून राहिल्या. भिंतीवरचे घड्याळ चालत होते. बंद दारापलीकडे सूनबाईंची पावले येऊन थबकली आणि परत गेली. त्या शांततेत त्यांना भीती वाटली ती आचार्यांच्या रागाची नव्हे. हे आता रडतील की काय, याची वाटली. ते रडले असते तर आपण नक्कीच मोडलो असतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आचार्य रडले नाहीत. जणू वर्गात कोणी नमुना आणून हातावर ठेवला आहे अशा कोरड्या सुरात त्यांनी विचारले, “तोंडावर मिशा आहेत?” “आहेत. राठ, पिवळट.” “सोंड?” “काळी. सरळ. टोकाला चपटी.” “डोळ्यांच्या मधे?” “खळगा आहे, सर. खोल.” “शिंगं?” “आखूड. मधमाशीसारखी कोपरात वाकलेली नाहीत.” “मी चित्रावरून ती वाकलेलीच सांगितली होती.” “मी वाकवली होती.” त्यांनी मान डोलावली, हळूहळू, दोन वेळा. “मग दरोडेखोरच. लहान पोरसुद्धा ओळखेल.” आणि थोडे थांबून, “सुंदर असेल गं.” “फार सुंदर आहे,” बाई म्हणाल्या.

“कागद आहे का? लिही.” बाईंनी पिशवीतून वही काढली. ते सांगू लागले, प्रत्येक शब्द चाचपून, पूर्वीसारखे. पेटी क्रमांक एकशे चौदामधली जात रद्द समजावी. नर म्हणून वर्णिलेला कीटक भक्षक माशी असून मादी ही त्याची शिकार होय. मग ते थांबले. खिडकीकडचे तोंड त्यांनी वळवले आणि बाई बसल्या होत्या तिकडे केले. नेमके समोर नाही, किंचित बाजूला. “पुढे लिही. ‘सदर ग्रंथ सिद्ध होत असता वर्णनकर्त्यास नमुने दिसत नव्हते. सर्व वर्णने चित्रांवरून केलेली आहेत.’ एवढंच. पुढे ‘खेद’ वगैरे काही घालू नकोस. खेद माझा मी बघेन.” “चित्रकर्तीला हे ठाऊक होते, असंही घालते.” “घाल,” ते म्हणाले. सही करायला त्यांनी लेखणी मागितली. बाईंनी वही त्यांच्या मांडीवर ठेवली, पण त्यांचा हात धरून जागेवर नेला नाही. सही शेवटच्या दोन ओळींवरच पडली, अक्षरांत अक्षरे मिसळून. ती तशीच राहू द्यायची, हे बाईंनी ठरवून टाकले.

“शुक्रवारचं छापणं थांबवते,” त्या उठत म्हणाल्या. “संचालक ओरडतील.” “ओरडू दे. नव्वदी काय, पुढच्या वर्षी एक्क्याण्णवावी करता येते.” हे बोलताना ते हसले नाहीत. “आता जा. आणि सदतीस तपासून झाल्याशिवाय इकडे येऊ नकोस. गप्पा मारायला तर मुळीच नको.” बाईंच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि आचार्यांच्या वयाला एकोणनव्वद वर्षे झाली होती, दोघांनीही तो हिशेब उच्चारला नाही. उंबऱ्याशी त्या थांबल्या. “सर, क्रमानं घेऊ का?”

“क्रमानं कशाला?” आचार्य म्हणाले. “जी चित्रं तुला स्वतःला फार आवडतात ना, ती आधी घे.”

ती कोणती, हे जिन्याच्या पहिल्या पायरीवरच बाईंना ठाऊक होते. बारा होती.